चौथ्या पानावरची दाढी

सहाला दोन मिनिटं कमी असतानाच पेइचनने शेंगांचं टोपलं बाजूला सारलं, ओले हात पुसले आणि व्हिनेगरच्या बाटलीला टेकवून ठेवलेला मोबाइल जवळ ओढला. सहाच्या ठोक्याला प्रकरण यायचं. आजचं पाचशे सत्त्याऐंशीवं.

तिचं वाचणं चारचौघींसारखं नव्हतं. ओठ हलत नसत, चेहऱ्यावर काही उमटत नसे. उजव्या हाताची तर्जनी तेवढी टेबलावर एकेका अक्षरासरशी हलकेच आपटत पुढे सरकायची. तीस वर्षं ती जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात मुद्रितं तपासत होती. पहिलं मुद्रित शेजारच्या टेबलावरचा म्हातारा तपासायचा, दुसरं पेइचन, तिसरं संपादक. छापखाना बंद पडून सहा वर्षं झाली होती.

प्रकरण संपलं. तीन चुका निघाल्या. तिने खाली टंकलं, "परिच्छेद तीन, ओळ चार, 'द' चुकला. परिच्छेद नऊ, ओळ एक, 'द' चुकला. परिच्छेद वीस, छपाईचे खिळे पाण्याने धुवत नाहीत, रॉकेलने धुतात."

चिनी लिहिण्यात 'द' उच्चाराची तीन अक्षरं रोज लागतात. कानाला तिन्ही सारखी, पण प्रत्येकाची जागा वेगळी. या लेखिकेला ती जागा कधी सापडली नव्हती.

पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. "सुधारलं! धन्यवाद, चिमुकल्या देवदूता!"

पेइचन अठ्ठावन्न वर्षांची होती. गुडघे कुरकुरत होते. पण या संकेतस्थळावर लेखिका वाचकांना असंच म्हणायच्या, आणि चुका दाखवण्याला वाचक 'किडे काढणं' म्हणायचे. तिथे तिचं नाव होतं 'चाळणी'. दीड वर्षात चाळणीने या एका कादंबरीतून साडेचारशे किडे काढले होते आणि साडेचारशे वेळा तिला कुणीतरी चिमुकला देवदूत म्हटलं होतं.

कादंबरीचं नाव 'उलटी अक्षरं'. जुन्या शांघायमधल्या छापखान्यात खिळे जुळवणारा आ-शू, आणि तिथे भाषांतरं घेऊन येणारा लिन, या दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट. अशा कादंबऱ्यांना दानमेइ म्हणतात. लिहितात बहुतेक बायकाच, वाचतातही बायकाच, आणि वाचून झाल्यावर खाली ज्या भांडतात त्याही बायकाच. आज तर खालचा बाजार चांगलाच तापला होता. कारण आज आ-शूच्या आईने, वेईबाईंनी, एक काम केलं होतं.

आ-शूने लिनला लिहिलेल्या पण न पाठवलेल्या पत्रांची चाळीस पानं वेईबाईंना उशीखाली सापडली. त्या शाळेत कागदांच्या नकला उतरवायच्या कामावर होत्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. लाल शाईचा टाक घेऊन बसल्या आणि जिथे जिथे 'तो' होता, तिथे तिथे त्यांनी 'ती' केलं. चाळीस पानं. मग कागदांचे कोपरे जुळवून पत्रं परत दिली. "चुका फार करतोस," एवढंच म्हणाल्या.

चिनी बोलण्यात 'तो' आणि 'ती' दोन्ही 'था'च. बोलताना कुणाला काही कळत नाही. फरक फक्त कागदावर. अक्षराच्या डाव्या अंगाला माणसाची खूण असली की तो, बाईची असली की ती. लाल टाकाने दोन-तीन फटकारे मारले की काम झालं.

वाचक पेटले होते.

"ही बाई मरेल त्या दिवशी मी ऑफिसात पेढे वाटीन."

"लेखिकाबाई, पत्ता द्या, ब्लेडांचं पाकीट पाठवते. एवढं रडवतात का कुणाला!"

"मारली असती तरी चाललं असतं गं. ही तर शुद्धलेखन तपासत बसली!"

"पण तिला कळलं तरी होतं का? त्या काळच्या बाईला वाटलं असेल, पोरगं घाईत चुकलं. पोरगा पोरीलाच लिहिणार ना."

"वरच्या मजल्यावरच्या ताई, चाळीस पानं! चाळीस पानांत कळत नाही? तुमच्या घरी बोका आहे की मांजर, हे कळायला किती पानं लागतात?"

"मला तर तिची दयाच येते. बिचारी अडाणी."

"अडाणी नाही, दगड आहे दगड."

इथे प्रत्येक प्रतिक्रियेला मजला म्हणत, एकावर एक रचलेल्या म्हणून. सात वाजेपर्यंत चारशे मजले झाले आणि इमारतीत सरळ दोन तट पडले. एक 'तिला माहीत नव्हतं' म्हणणारा, दुसरा 'तिला माहीत होतं' म्हणणारा.

पेइचनने सगळे मजले खालपासून वरपर्यंत वाचले. एका मजल्यावर 'दया' हा शब्द चुकीच्या अक्षराने लिहिला होता. मग तिने शेंगा सोलायला घेतल्या.

लेखिका तिची मुलगी होती.

हे तिला दीड वर्षापूर्वी, थडगी झाडायच्या सणाला कळलं. नवऱ्याच्या थडग्यापाशी उदबत्त्या लावताना त्याची पुतणी सहज बोलून गेली, "काकू, शियूनताईची कादंबरी वाचता की नाही? आमच्या ऑफिसातल्या सगळ्या वाचतात. मी कुणाला सांगत नाही हं, पण टोपणनाव बघितल्याबरोबर ओळखलं मी. 'तिसरं मुद्रित'!"

"वाचते ना," पेइचन म्हणाली. तोवर तिला काहीच माहीत नव्हतं.

शियून पश्चिमेला, चंग्तूला, रेल्वेने अकरा तासांवर राहायची. विमा कंपनीत नोकरी, वय एकतीस. आठवड्यातून एकदा, रविवारी, फोन करायची. ती मुलगी कर्तव्याला चुकणारी नव्हती.

सोळाव्या वर्षी तिच्या दप्तरात एक वही सापडली होती. चाळीस पानांची गोष्ट, दोन मुलांची, निळ्या शाईत. पेइचन त्या दिवशी दुसऱ्या पाळीवरून आली होती, लाल पेन अजून खिशात होतं. तिने वही उघडली आणि पहिल्याच ओळीत 'द' चुकलेला दिसला. बसली तशीच. पहिल्या पानावर अकरा चुका निघाल्या, आणि त्यांत काही 'तो' होते जिथे तिच्या मते 'ती' हवं होतं. चाळीसाव्या पानापर्यंत गेली. सकाळी वही टेबलावर ठेवली. शियूनने ती उघडली, दोन-चार पानं चाळली आणि म्हणाली, "बरं."

त्यानंतर घरात कुठे वही दिसली नाही. दोन वर्षांनी कॉलेज निवडायची वेळ आली तेव्हा तिने नकाशावरचं लांबातलं लांब शहर निवडलं. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

आणि आता कादंबरीत छापखाना होता. यंत्राच्या पाठीवर ठेवून गरम केलेले जेवणाचे डबे होते, शिशाने काळे पडलेले आणि साबणालाही न बधणारे नखांचे कोपरे होते. पेइचनने पोरीला मांडीवर घेऊन सांगितलेलं सगळं होतं. दीड वर्ष रोज सहाला पेइचन हे वाचायची आणि किडे काढायची. दुसरं काय करायचं ते तिला येत नव्हतं. तिला पक्कं ठाऊक होतं की चाळणी कोण ते शियूनला कळलं तर ती दार लावून घेईल, अगदी सभ्यपणे, आवाज न करता. मग रोजची ती एक ओळही जाईल. रविवारचा फोन राहील. पण फोनवर तिला कुणी देवदूत म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडेनऊला फोन वाजला.

"आई, जेवलीस?"

"नाश्ता झाला. पेज केली होती. तू?"

"झाला माझापण."

"पाऊस आहे का तिकडे?"

"नाही. ढग आहेत."

"इकडेही ढग आहेत."

थोडा वेळ दोघी ढगांत होत्या.

"आवाज बसलाय तुझा," पेइचन म्हणाली. "झोपत नाहीस की काय?"

"कामं असतात गं."

"ऑफिसची?"

"हो, ऑफिसचीच. आणखी कसली असणार?"

"गरम पाणी पीत जा."

"पिते. बरं, ठेवू?"

"ठेव."

फोन ठेवल्यावर पेइचनला आठवलं, आज आफेनबरोबर जायचं होतं. आफेन खालच्या मजल्यावरची शेजारीण. रेशमाच्या गिरणीतून निवृत्त झालेली, जाडजूड आणि तोंडाने फटकळ. गावात कुणाकडे वाढदिवस असो की वर्षश्राद्ध, यू गुरुजींना पोथी गायला बोलावत. गुरुजी पोथी गायचे आणि दर दोन ओळींनंतर टेबलाभोवती बसलेल्या बायका एका सुरात 'नमो अमिताभ' म्हणून त्यांना साथ द्यायच्या. नवरा गेल्यावर आफेनने पेइचनला ओढून या बायकांत बसवलं होतं. "देवाचं नाव घेताना तरी तोंड उघडशील," असं म्हणून.

आज कुणा आजोबांचा ऐंशीवा होता. मेणबत्त्या, संत्री, चिकट तांदळाचे लाल ठिपके लावलेले उंडे, मधोमध करुणेच्या देवीची तसबीर. यू गुरुजींनी लाकडी मासोळीवर, म्हणजे माशाच्या आकाराच्या पोकळ ठोकळ्यावर, टक्‌टक् करत सुरुवात केली आणि साऱ्या घराचा श्वास हळूहळू त्या ठोक्यावर आला. गुरुजींचा गळा आता फाटला होता, पण फाटक्या चादरीतूनही ऊब लागावी तसं ते गात. ऐकणारे आजोबा डोळे मिटून डोलत होते. पहिला अध्याय संपला, चहा आला.

पेइचनची नजर सवयीने पोथीवर गेली. हाताने लिहिलेली जुनी प्रत, कोपरे तेलकट.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "या पानावर देवीला 'तो' लिहिलंय. आणि पुढच्या पानावर 'ती'."

"असेल की. ही प्रत माझ्या गुरूंनी केलेली. त्यांना मोतीबिंदू झाला होता."

"सुधारून देऊ का? पेन आहे माझ्याकडे."

"आली का तुझी शाई बाहेर!" आफेन उंडा चावत म्हणाली. "गुरुजी, हिला देवळात सोडा, ही मूर्तीच्या कपाळावरची अक्षरंसुद्धा तपासून येईल."

बायका हसल्या. गुरुजीही हसले. त्यांनी पोथीवर हात ठेवला. अडवायला नव्हे, जसा नातवाच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"राहू दे गं पेइचन. गाताना कुठे दिसतंय ते? लोक ऐकतात, 'था' आला, 'था'ने हात दिला, 'था'ने वर काढलं. बुडणाऱ्याने कधी विचारलंय का, हात बाप्याचा की बाईचा? देवीलाच विचारलंस तर ती म्हणेल, बाळा, दोन्ही रूपं माझीच. ज्याला ज्या रूपाने धीर येतो, त्या रूपाने मी जाते."

"म्हणजे चूक नाहीच?"

"चूक असेल. पण चुकीपायी आतापर्यंत कुणी बुडालं नाही. चला, चहा संपवा."

दुसऱ्या अध्यायात यमाचा दरबार होता. एक म्हातारी मरून तिथे पोचते. चित्रगुप्ताच्या जागी तिथे जो कारकून असतो, तो कागद काढतो आणि तिला एकच प्रश्न विचारतो. यू गुरुजींनी तो प्रश्न चढ्या सुरात घेतला, मासोळी थांबवली आणि अगदी खालच्या आवाजात दुसऱ्यांदा म्हटला,

"जाणून केलंस, बाई, की न जाणून?"

इथे साथ यायला हवी होती. आली. पण त्या सुरात एक आवाज कमी होता. आफेनचं कोपर पेइचनच्या बरगडीत बसलं.

"झोपलीस का काय?"

पेइचन जागी होती. चार वर्षांत तिची साथ पहिल्यांदाच चुकली होती. पुढच्या दोन ओळींना तिने तोंड उघडलं आणि आवाज बरोबर ठिकाणी आला. पुढच्यालाही आला.

घरी परतल्यावर तिने उरलेला भात गरम केला, खाल्ला, भांडं घासलं. सहाला पाचशे अठ्ठ्याऐंशीवं प्रकरण आलं. त्यात वेईबाई नव्हत्या. एकच किडा निघाला. पण खाली अजून कालचंच चाललं होतं. कुणीतरी कौल मांडला होता, माहीत होतं की नव्हतं? 'नव्हतं'च्या बाजूने बरीच मतं पडली होती. कारणही समजण्यासारखं होतं. माहीत नव्हतं म्हटलं की वेईबाईंना माफ करून पुढचं प्रकरण सुखाने वाचता येत होतं. एकीने तर लिहिलं होतं, "माझी आई अशीच आहे गं. तिला काही कळत नाही, म्हणून तर मी तिच्यावर रागावत नाही."

त्याखाली लेखिकेने बऱ्याच दिवसांनी स्वतःहून काही लिहिलं होतं. "मलाही माहीत नाही. तिला माहीत होतं की नाही हे मला लिहिताना ठरवता आलं नाही. म्हणून ते तसंच सोडलं."

पेइचनने ते वाक्य वाचलं. त्यात 'द' तीन वेळा आला होता आणि तिन्ही वेळा बरोबर होता.

 मग चाळणीच्या नावाने लिहायला लागली. टंकायला तिला वेळ लागायचा. एका बोटाने लिहायची.

"तिला माहीत होतं. पहिल्या तीन पानांवर नव्हतं, वाटलं पोर चुकलं. चौथ्या पानावर दाढी आली. दुसऱ्या मुलाच्या गालावर दाढीचे खुंट आहेत आणि ते बोटाला टोचतात, असं लिहिलं होतं. तिथे पेन थांबलं. थांबलं तिथे लाल ठिपका पडला, सोयाबीनच्या दाण्याएवढा. तेव्हा तिला कळलं. मग तिने दाढीचं वाक्य खोडलं आणि पुढे गेली. पाचव्या पानावर थांबली असती तर का थांबली ते सांगावं लागलं असतं. ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. म्हणून ती चाळीसाव्या पानापर्यंत गेली. अडाणी नव्हती. जाणून केलं."

तिने ते एकदा तपासलं. चूक नव्हती. पाठवलं.

वाचकांनी लगेच उचललं.

"चाळणीताई, कसली दाढी? कुठल्या प्रकरणात?"

"ताईने दोन कादंबऱ्या एकत्र शिजवल्या वाटतं!"

"आणि पेन कुठून आलं? वेईबाईंकडे टाक आहे. किडेवालीच्याच लिहिण्यात किडा, अहाहा!"

"पण काय लिहिलंय... माझ्या अंगावर काटा आला."

"अगं, पण मूळ कथेत सोयाबीन नाहीच. तुम्ही परस्पर कथा वाढवताय."

लेखिकेचं उत्तर आलं नाही. पेइचनच्या वरच्या मजल्याला उत्तर होतं, "धन्यवाद, चिमुकल्या देवदूता." खालच्या मजल्यालाही होतं. मधला मजला रिकामा राहिला. तिने दिवसाचा किडा दाखवला होता, त्यालाही उत्तर नव्हतं. चूक तशीच होती.

सोमवारी सहाला प्रकरण आलं नाही. कादंबरीच्या माथ्यावर एक चिठ्ठी लागली. "दोन दिवस रजा. तब्येत ठीक आहे."

वाचक हवालदिल. "खड्डा करून पळू नका हो!" अर्धवट सोडलेल्या कादंबरीला इथे खड्डा म्हणत, आणि त्यात पडलेल्या बायका वर्षानुवर्षं तळाशी बसून वाट बघत. "चाळणीताईमुळे झालं सगळं, लेखिका दुखावली," असंही कुणीतरी लिहिलं. दुसरीने तिला झापलं. पेइचनने दोन्ही वाचलं.

मंगळवारी तिने खिडक्यांच्या काचा पुसल्या. आफेन मुळ्याचं लोणचं घेऊन वर आली.

"काय गं, चेहरा असा का? बरं नाही?"

"बरी आहे."

"पोरगी बोलली का काही?"

"नाही."

"मग तू बोल की. तुझ्याच पोटची ना ती? का तिला बोलायलाही परवाना लागतो?"

"बोलले."

आफेन बघतच राहिली. पस्तीस वर्षं शेजारी राहूनही ही बाई काही बोलल्याचं तिने ऐकलं नव्हतं. "काय म्हणालीस?"

"खरं ते."

"आणि ती?"

"रजेवर आहे."

आफेनला यातलं काही कळलं नाही. पण ती भली बाई होती. तिने आणखी खोदलं नाही. बरणीचं झाकण घट्ट लावून दिलं, फ्रीजमध्ये कुठे ठेवायची तेही सांगितलं आणि जाता जाता पाठीवर एक थाप मारली, गुरं हाकताना मारतात तसली.

बुधवारी पेइचन सहाच्या आधी टेबलाशी बसली नाही. बसून काय होणार होतं? तिने कपड्यांच्या घड्या केल्या. मग बसली. सहा वाजून तीन मिनिटं झाली होती. पाचशे एकोणनव्वदावं प्रकरण आलेलं होतं.

प्रकरण छोटं होतं. लिन तापातून उठला होता, पण हात अजून थरथरत होते. सकाळची वेळ. आ-शू छापखान्यात जायच्या आधी त्याच्या खोलीवर येतो. लिनची दाढी आठवडाभर वाढलेली. आ-शू तसराळ्यात पाणी घेतो, साबण घेतो, त्याला खिडकीशी खुर्चीवर बसवतो. म्हणतो, हलू नकोस. लिन म्हणतो, तू कधी कुणाची केली आहेस का? आ-शू म्हणतो, नाही, पण खिळे उलटे वाचायची सवय आहे, आरशातला माणूस मला सरळच दिसतो. मग तो वस्तरा उघडतो. गालावरचे खुंट आधी बोटाने चाचपून बघतो. ते टोचतात.

वाचक खूष होते. "आली, आली, दाढी आली! चाळणीताईची दाढी!" "म्हणजे ताईला आधीच माहीत होतं? आतल्या गोटातल्या दिसता, ताई!" "इथे सगळे इतके गोड का झाले आज? मला भीती वाटते."

पेइचन परिच्छेद सातवर थांबली होती.

"आ-शूने ब्रश साबणात घोळवला आणि तिच्या हनुवटीवर गोल फिरवला."

तिच्या.

डाव्या अंगाला बाईची खूण. बाकीच्या सगळ्या प्रकरणात, त्याआधीच्या पाचशे अठ्ठ्याऐंशी प्रकरणांत, साडेचारशे किड्यांत, लिनच्या बाबतीत ही चूक शियूनने एकदाही केली नव्हती. 'द' चुकायची, खिळे पाण्याने धुवायची, पण ही कधी नाही.

प्रतिक्रियांत कुणाच्या लक्षात आलं होतंच. "परिच्छेद सातमध्ये किडा!" त्याखाली दुसरीने लिहिलं होतं, "हात लावू नकोस, ते चाळणीताईचं काम. ताई, कुठे आहात?"

ताई इथेच होत्या. मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. चूक चुकून झाली की मुद्दाम, हे पेइचनला ओळखता येईना. तीस वर्षांत तिने लाखो चुका पाहिल्या होत्या आणि प्रत्येकीचं कारण तिला दिसायचं. जुळारी दमलाय, शेजारच्या खान्यातला खिळा हाती आलाय, मजकूर कुणी वाचून दाखवलाय. या चुकीचं कारण दिसत नव्हतं. लिहिणारीने तिला हिणवलं असेल, किंवा परीक्षा घेतली असेल, किंवा दोन रात्री झोप न मिळून खरंच बोट घसरलं असेल. काही असलं तरी चुकीला जे उत्तर असतं ते एकच होतं. तेवढं तरी ती देऊ शकत होती.

वीस मिनिटं गेली. तिने लिहिलं,

"परिच्छेद सात, ओळ एक. 'तिच्या' नव्हे. 'त्याच्या'."

एवढंच. नाव नाही, विनंती नाही, दुसरी कुठली ओळ नाही. 'द' दोन ठिकाणी चुकला होता, तो तिने आज सोडून दिला.

मग ती उठून तांदूळ धुवायला गेली. पाणी तीनदा बदललं. कुकरचं बटण दाबलं. परत आली तेव्हा उत्तर आलं होतं.

"सुधारलं."

पुढे काही नव्हतं. धन्यवाद नव्हते, देवदूत नव्हता, उद्गारचिन्ह नव्हतं. पेइचन त्या शब्दाकडे बघत राहिली. चाळणीच्या नावापुढे आलेलं असं हे पहिलंच उत्तर. इतक्या कोरड्या आवाजात तिच्याशी जगात एकच माणूस बोलायचं, दर रविवारी साडेनऊला.

तिने प्रकरण पुन्हा उघडलं. ब्रश त्याच्या हनुवटीवर फिरत होता. साबणाचा फेस कानाच्या पाळीपर्यंत गेला होता आणि आ-शूने तो अंगठ्याने पुसून घेतला. वस्तरा गालावरून खाली उतरायला लागला तेव्हा लिनने डोळे मिटले. खालच्या गल्लीत कुणीतरी सायकल टेकवत होतं. आता मध्ये अडवायला काही नव्हतं म्हणून पेइचन वाचत गेली, शेवटच्या ओळीपर्यंत. मग मान वर केली, खोलीत अंधार झालेला पाहिला आणि दिवा लावायला उठली.